गट नंबर ११४ मधले गोल

"मॅडम, डीमधून बाजूला व्हा. पेनल्टीची प्रॅक्टिस चालू हाय."

मी वळून पाहिलं. पिवळ्या जर्सीतला एक उंच मुलगा बॉलवर पाय ठेवून उभा होता. त्याच्या मागे दहा-बारा जण, सगळ्यांचे हात कमरेवर. माझ्या एका हातात यंत्राची काठी, पायाशी चुन्याच्या फक्कीची पाटी आणि पाठीमागे गोलपोस्ट.

"पाच मिनिटं थांबा," मी म्हटलं. "मला इथं हद्द टाकायचीय."

"मॅडम, फक्की आमी मारतो. साइड लाइन तिकडं हाय."

"ती तुमची लाइन. ही सरकारची."

मी भूकरमापक आहे. म्हणजे भूमी अभिलेख खात्यात जमिनी मोजते. दोन शेजाऱ्यांचं बांधावरून वाजलं की त्यातला एक जण आमच्याकडे मोजणीचा अर्ज करतो. आम्ही दोघांना नोटीस पाठवतो, ठरल्या तारखेला जातो, जुन्या नकाशावरची हद्द जमिनीवर दाखवतो आणि परत येतो. येताना दोघांपैकी एक जण तरी आम्हाला शिव्या देत असतो. या नोकरीत मला बरीच वर्षं झाली. शिव्यांची सवय आहे. पण फुटबॉलच्या टीमनं मला मैदानाबाहेर काढायची ही पहिलीच वेळ.

जागा तेलगावच्या अलीकडची. एका कॉलेजचं मैदान. कॉलेजचं नाव सांगत नाही, आमच्याकडे सगळ्यांना कळेलच. कॉलेजची जमीन गट नंबर ११३. तिला उत्तरेकडून लागून गट नंबर ११४, तो रामकिसन आप्पांचा. गट म्हणजे सात-बाऱ्यावर ज्या नंबरानं तुमची जमीन ओळखली जाते तो तुकडा. अर्ज आप्पांचा होता. कारण लिहिलं होतं, "हद्द कायम करणे." सगळे हेच लिहितात.

आप्पा सत्तरीचे, डोक्याला टापर बांधून बांधावर बसले होते. सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते. आमच्या ऑफिसचे शिपाई बाबूराव मला हळूच म्हणाले, "मॅडम, गप बसलेला अर्जदार लई वंगाळ असतो. भांडण पोटात हाय."

हातातल्या काठीला आम्ही रोव्हर म्हणतो. काठीच्या टोकाला ताटलीएवढं यंत्र असतं. ते उपग्रहांना विचारून आपण कुठे उभे आहोत ते बोटभर फरकानं सांगतं. जुना नकाशा त्यात भरलेला असतो. मग यंत्र म्हणतं, अजून दोन पावलं पुढे, थोडं डावीकडे, हां, इथं. बाबूराव तिथं खूण करतात. पूर्वी हेच काम साखळी ओढत दिवसभर चालायचं.

यंत्र मला डाव्या कोपऱ्यातून घेऊन निघालं ते सरळ पेनल्टीच्या चौकटीत शिरलं. गोलसमोरून आरपार गेलं आणि उजवीकडच्या कोपऱ्याबाहेर पडलं. बाबूरावांनी मागून फक्की टाकली. रेघ पूर्ण झाल्यावर मी टेप लावली. गोलपोस्ट हद्दीच्या सहा मीटर पलीकडे होता. म्हणजे गट नंबर ११४ मध्ये.

गोलकीपर रेघेकडे बघत म्हणाला, "मॅडम, सहा यार्डाची लाइन आधीच हाय की. ही दुसरी कावून मारली?"

"ही हद्द आहे. तू उभा आहेस ते आप्पांचं रान."

पिवळ्या जर्सीवाला उंच मुलगा पुढे आला. हा टीमचा कॅप्टन समाधान. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, घरी शेळ्या-मेंढ्या. "म्हंजे आमी मारलेले गोल सगळे आप्पाच्या रानात?"

"या बाजूचे सगळे."

मी आप्पांकडे पाहिलं. आता हे उठणार, गोलपोस्ट उपटा म्हणणार, पोरं अंगावर येणार आणि बाबूराव फक्कीची पाटी सोडून गाडीकडे पळणार. नेहमीचा क्रम असा असतो.

आप्पा उठले. त्यांच्या तोंडावर हसू होतं. अर्जदार मोजणीच्या दिवशी हसतो हे मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

"मॅडम, हे कागदावर येतंय नव्हं?"

"येणार. तुम्हाला क प्रत मिळेल." क प्रत म्हणजे मोजणीनंतर अर्जदाराला मिळणारा नकाशा.

"त्याच्यात गोलपोस्ट दिसंल?"

"दिसेल."

"मंग झालं," म्हणाले आणि पुन्हा बांधावर बसले. समाधाननं पेनल्टी घेतली. बॉल गोलमध्ये गेला, जाळीच्या फाटक्या भागातून बाहेर आला आणि आप्पांच्या कापसात शिरला. आप्पांनी उठून तो सवयीनं परत फेकला.

मला काही कळेना.

उलगडा केला शेख सरांनी. शेख सर कॉलेजचे फिजिकल डायरेक्टर, म्हणजे खेळाचे शिक्षक. त्यांनी कॉलेजच्या ऑफिसात नेऊन चहा पाजला आणि क्लबचा इतिहास सांगितला.

विद्यापीठाचं फर्मान आलं होतं, प्रत्येक कॉलेजनं एक तरी नवा खेळ सुरू करावा. कबड्डी, खो-खो आधीच होते. सरांना फुटबॉलची आवड. बॉल मिळाला, मुलं मिळाली, जर्सी मिळेना. बीडच्या एका दुकानात कुणाची तरी रद्द झालेली ऑर्डर पडून होती. पिवळ्या जर्सी, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'युनिव्हर्सिटी'. सरांनी तो लॉट उचलला. त्या दिवसापासून टीमचं नाव युनिव्हर्सिटी फुटबॉल क्लब.

"खऱ्या युनिव्हर्सिटीचं पत्र आलतं मॅडम. हे नाव का वापरता म्हणून. मी लिहून पाठवलं, नाव वापरत नाही, कपडे वापरतो."

पहिल्या वर्षी टीम सगळीकडे हरली. मग सरांनी मॅच घरच्या मैदानावर घ्यायला सुरुवात केली. तिथून नशीब पालटलं. आष्टीकडची टीम आली, तीन गोल खाऊन गेली. चौसाळ्याची पोरं आली, तीही तशीच. दोन वर्षं घरच्या मैदानावर युनिव्हर्सिटी क्लब एकही मॅच हरला नव्हता. गावातली माणसं ट्रॅक्टरवर बसून मॅच बघायला यायची. बाहेरच्या टीमवाले जाताना म्हणायचे, "तुमच्या इथं बॉल तुमचं ऐकतो बे."

यात जादू काही नव्हती. मी सकाळीच मोजलं होतं. मैदान वाकड्या कापलेल्या शंकरपाळ्यासारखं होतं. दक्षिणेला रुंद, उत्तरेला अरुंद, दोन्ही गोल एकमेकांच्या समोर नाहीत, आणि सगळा उतार आप्पांच्या रानाकडे. पाहुण्यांचा बॉल घरंगळत बाहेर जायचा. क्लबच्या पोरांना तो कुठे वळणार ते पाठ होतं. समाधाननं मला स्वतः सांगितलं, "डाव्या अंगाला बॉल आला की मी गोलकडं बघतच न्हाई. त्या लिंबाच्या झाडाकडं बघून मारतो. बॉल आपोआप गोलात जातो."

"आणि आप्पांचं काय?" मी विचारलं.

सर हसले. "आप्पा आमचा पहिला फॅन. कापसात गेलेला बॉल दोन वर्षं तेच काढून देतात. पोरांना पाणी त्यांच्याच बोअरचं. पण मागच्या बक्षीस समारंभात आमच्या अध्यक्षांनी सगळ्यांचे आभार मानले. मंडपवाला, चहावाला, माईकवाला. आप्पा पहिल्या रांगेत बसले होते, धुतलेलं धोतर नेसून. त्यांचं नाव राहिलं."

"म्हणून मोजणी?"

"म्हणून मोजणी."

एवढ्यात पांढरी गाडी आली. संस्थेचे अध्यक्ष. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी रेघ पाहिली, गोलपोस्ट पाहिला आणि मला बाजूला घेतलं.

"मॅडम, सहा मीटर म्हणजे काय हो? इकडं-तिकडं होतंच. जरा ॲडजस्ट करा."

"भाऊसाहेब, हद्द म्हणजे साडी नाही, निऱ्या घालून कमी करायला."

"आजपासून बाराव्या दिवशी इथं झोनची फायनल हाय. पहिल्यांदाच आपल्या ग्राउंडवर. विद्यापीठाचा माणूस टेप घेऊन येणार."

हा खरा पेच होता. फुटबॉलचं मैदान निदान नव्वद मीटर लांब लागतं. इथलं होतं चौऱ्याण्णव. सहा गेले की उरले अठ्ठ्याऐंशी. दोन मीटर कमी. फायनल दुसरीकडे जाणार, आणि दुसरीकडे ही टीम कशी खेळते ते शेख सरांना माहीत होतं.

मी म्हटलं, "आप्पांना विचारून बघा. दोन मीटर वापरू द्या म्हणावं."

आप्पांना बोलावलं. त्यांनी दोन मीटरचा विषयच ऐकून घेतला नाही. "दोन कावून? सगळे सहा घ्या. मी लिहून देतो. मला रान नको."

भाऊसाहेबांचा चेहरा खुलला. "मग काय पायजे?"

"फायनलच्या दिशी माईकवर सांगायचं. हा गोल रामकिसन आप्पांच्या रानात हाय म्हणून. आन् एक खुर्ची. ष्टेजवर."

मला वाटलं, मिटलं. बाबूराव तर सामान गोळा करायला लागले. पण भाऊसाहेबांनी पुन्हा एकदा फक्कीच्या रेघेकडे पाहिलं. मग म्हणाले, "आज गोल त्याच्या रानात म्हणायचं. उद्या हा म्हणंल कॉलेजच माझ्या रानात हाय. न्हाई. गोलपोस्ट उपटा."

आप्पांनी टापर सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं आणि ते घराकडे निघून गेले.

त्या दिवशी ऑफिसला परतताना मला चैन पडेना. माझं काम मी बरोबर केलं होतं. रेघ होती तिथंच टाकली होती. पण अकरा पोरांचं तोंड डोळ्यांपुढून जाईना. शेवटी मी शेख सरांना फोन केला. "सर, तुमचा गट पूर्व-पश्चिम लांब आहे. मैदान आडवं फिरवलं तर नियमात बसतं."

"आडवं? संध्याकाळचं ऊन गोलकीपरच्या डोळ्यात जातं मॅडम. म्हणून कुणी तसं आखत नाही."

"फायनल पाहिजे का सावली?"

रविवारी मी गेले. सुट्टीचा दिवस होता, ऑफिसचं यंत्र नेलं नव्हतं आणि टेप माझी स्वतःची होती. हे आमच्या साहेबांनी वाचावं म्हणून मुद्दाम लिहिते. भाऊसाहेबांनी जेसीबी लावून उतार मारून घेतला होता. जमीन ताटासारखी सपाट. मी पोरांना तीन-चार-पाचची दोरी शिकवली. कोपऱ्यापासून एका रेघेवर तीन मीटरवर खुंटी, दुसरीवर चार मीटरवर, आणि दोन खुंट्यांमधलं अंतर बरोबर पाच आलं की कोपरा काटकोनात. चारी कोपरे मी तसे घेतले. दोन्ही गोल एकमेकांच्या बरोबर समोर. मधलं वर्तुळ इतकं गोल की समाधान म्हणाला, "मॅडम, बांगडी ठिवल्यावानी दिसतंय."

मला त्या मैदानाचा अभिमान वाटला. अजूनही वाटतो, तोच तर त्रास आहे.

फायनलच्या दिवशी विद्यापीठाचा माणूस टेप घेऊन आला. मोजून झाल्यावर म्हणाला, "इतकं अचूक ग्राउंड मी झोनमध्ये पाहिलं नाही." भाऊसाहेबांनी माईकवर विद्यापीठाचे आभार मानले, जेसीबीवाल्याचे मानले, माझे मानले. मी बांधाकडे पाहिलं. आप्पा तिथं उभे होते, आपल्या हद्दीत.

समोर आष्टीकडचीच टीम होती. मागच्या वर्षी इथंच तीन गोल खाऊन गेलेली.

पहिल्या दहा मिनिटांतच घोळ माझ्या लक्षात आला. आमच्या पोरांनी पास दिला की बॉल जिथं द्यायचा तिथंच जायचा. म्हणजे सरळ. आणि पास घेणारा आपलाच गडी वळून येणाऱ्या बॉलची वाट बघत दोन हात पलीकडे उभा असायचा. समाधानला डावीकडे बॉल मिळाला. त्यानं मान वर न करता लिंबाकडे बघून जोरदार शॉट मारला. लिंब आता मैदानाच्या कोपऱ्याबाहेर होता. बॉल लिंबाला लागला. पाखरं उडाली. लोक ओरडले. त्यानं डोक्याला हात लावला. पण पाय कुणाचं ऐकतात? मॅच संपेपर्यंत लिंबावर पाच शॉट बसले.

दुसऱ्या हाफमध्ये आमचा गोलकीपर पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला. ऊन सरळ डोळ्यांत. डोळ्यांवर हात धरून तो सूर्य अडवायचा, बॉल सोडायचा. चार गोल झाले. आमचा एकही नाही.

ट्रॅक्टरवरची माणसं मॅच संपायच्या आधीच निघाली. पोरं मैदानात बसली होती. समाधान जर्सीत तोंड खुपसून रडत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. तोच म्हणाला, "मॅडम, ग्राउंड चांगलं आखलंय तुमी. आमालाच सपाटीवर खेळता येत न्हाई."

याच्यापेक्षा शिवी बरी.

शेख सरांनी पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाले, "परफेक्ट ग्राउंड होतं मॅडम. एकदम परफेक्ट." मग ग्लास परत घेताना, "आमचं जुनं भंगार बरं होतं."

जाताना भाऊसाहेब गाडीपाशी भेटले. ते उदास होते, खरंच उदास. म्हणाले, "तुमाला खरं सांगू? मोजणी झाली नसती आन् म्हातारा नुसता येऊन म्हणला असता, तर मी हाताला धरून ष्टेजवर बसवला असता. नाव राहिलं ते चुकून राहिलं हुतं. पण नोटीस आली, फक्की पडली, सगळ्या गावानं बघितली. मग खुर्ची दिली असती तर लोक म्हणले असते, भाऊसाहेब भ्याला."

क्लब एका दिवसात बंद पडला नाही. तसं कुठेच होत नाही. पुढच्या वर्षी टीम पहिल्याच फेरीत हरून गेली. समाधानसारखी शेवटच्या वर्षाची पोरं बाहेर पडली. समाधान आता एका शाळेत खेळ शिकवतो आणि पोरांना पहिल्या दिवशी मान वर करून शॉट मारायला सांगतो, असं ऐकते. नवी पोरं जिंकणाऱ्या टीममध्ये येतात, हरणाऱ्या टीमकडे कुणी फिरकत नाही. शेख सरांकडे परीक्षेचं काम आलं. त्यानंतरच्या वर्षी अकरा भरेनात म्हणून नाव पाठवलंच नाही. आता त्या सपाट मैदानावर पोलीस भरतीची पोरं पहाटे धावतात. त्यांना ते मैदान लई आवडतं. शंभर मीटर म्हणजे शंभरच भरतं.

आप्पांनी आपल्या सहा मीटरमध्ये कापूस लावायचं ठरवलं. पण दोन वर्षं पोरांनी तुडवून ती पट्टी सिमेंटसारखी झाली होती, नांगर लागेना. ती तशीच पडीक राहिली.

एक दिवस ते ऑफिसात आले. क प्रत नीट घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत.

"मॅडम, उलटी मोजणी असती का हो?"

"म्हणजे?"

"म्हंजी गोल परत माझ्या रानात आणायचा. पोरं न्हाईत तर करमत न्हाई. सांजच्याला बांधावर बसतो, बॉलच येत न्हाई."

मी सांगितलं, तशी तरतूद नाही. मोजणी फक्त हद्द कुठे आहे ते सांगते. ती कुठे असायला हवी होती, ते नाही. त्यांनी मान हलवली. बाबूरावांनी चहा आणला. आप्पा तो फुंकून फुंकून प्यायले. जाताना दारात थांबून म्हणाले, "तुमचं काय चुकलं न्हाई बाई. मी अर्ज करायच्या आधी कुणीतरी मला नुसतं इचारायला पायजे हुतं, आप्पा, राग कशाचा आलाय."

ते गेल्यावर मी मोजणीचा एक कोरा अर्ज काढून पाहिला. त्यात प्रयोजन म्हणून एक रकाना असतो. दोन बोटांएवढा. तिथं रागाला जागा नाही.

तेव्हापासून मी एक पद्धत पाडलीय. कुणी मोजणीची चौकशी करायला आलं की आधी बसवते, चहा सांगते आणि विचारते, "हद्दीचं नंतर बघू. झालं काय ते सांगा." कुणी मेहुण्याच्या लग्नातल्या मानपानाचं सांगतं, कुणी भावानं बोलणं सोडल्याचं. बरेच जण बोलून झाल्यावर अर्ज भरतातच. काही मात्र कप खाली ठेवतात, "बघतो घरी जाऊन" म्हणतात आणि पुन्हा येत नाहीत.

आमच्या साहेबांनी परवा मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तुमच्या टेबलावरून अर्ज कमी का येतात? तुमचं टार्गेट भरत नाही."

मी म्हटलं, "साहेब, चहा चांगला असतो."